सध्या काय बघताय, काय ऐकताय, काय वाचताय? खानदेशवाल्यांनो, इकडे या

तापीकाठ:
राम राम मंडळी. असा धागा बरेच दिवसांत निघाला नाही म्हणून मीच काढतो. नियम एकच, भरीत, शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरीचे व्हिडिओ इथे नकोत. यूट्यूबवर 'खानदेशी' टाकलं की कितीही खाली सरकवा तेच दिसतं, जसं काय आम्ही जेवणाशिवाय दुसरं काही करतच नाही.

सुरुवात सिनेमापासून. 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' उशिराच बघितला. फेब्रुवारी २०२५ ला थेटरात लागला तेव्हा आमच्याकडे आला न आला तोच उतरला, मग प्राइमवर बघितला. रीमा कागतीचं डायरेक्शन, वरुण ग्रोवरचं लेखन, आदर्श गौरव मालेगावात स्वतःचे सिनेमे बनवणारा नासिर झालाय. चांगलाय, शेवटी डोळ्यात पाणी पण आणतो. पण तो संपल्यावर मी फैजा अहमद खानची २००८ ची डॉक्युमेंटरी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' परत लावली आणि माझं मत पक्कं झालं की खरी मजा तिच्यातच आहे. सिनेमात सगळं कसं जागच्या जागी आहे, उजेड जिथे हवा तिथे, दोस्तांचं भांडण जेव्हा हवं तेव्हा. डॉक्युमेंटरीत 'मालेगाव का सुपरमॅन' बनवताना नासिरभाईंचा कॅमेरा चक्क पाण्यात पडतो आणि काम अडतं, आता पुढे काय ते तिथे उभ्या असलेल्या कुणालाच माहीत नाही, कॅमेऱ्यामागच्या बाईला पण नाही. आणि तो शफीक, पॉवरलूमवर काम करणारा हडकुळा पोरगा, ढगळ सुपरमॅनच्या ड्रेसमध्ये. पुढे तो कॅन्सरने गेला, हे माहीत असून बघताना प्रत्येक हसू घशात अडकतं. ज्यांनी फक्त नवीन सिनेमा बघितलाय त्यांनी ही बघाच, तासभराचीच आहे.

दुसरी गोष्ट आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची गाणी. आता कुणी म्हणेल ती तर डीजेवर पण वाजतात. मी ती म्हणत नाहीये. यूट्यूबवर असे व्हिडिओ आहेत ज्यांना शे-दोनशे व्ह्यूज असतात, नाव धड नसतं, कुणीतरी मोबाईल ओट्यावर टेकवून चालू करून दिलेला असतो आणि समोर सात-आठ बाया. 'आथानी कैरी, तथानी कैरी, कैरी झोका खाय वं' चालू होतं, 'कैरी तुटनी, खडक फुटनी' पर्यंत सगळ्या एका सुरात, मग एक जण पुढचं भलतंच कडवं धरते, दुसरी म्हणते ते नही वं बाई, ते गौराईनं शे, तिसरी म्हणते आमच्या माहेरी असंच म्हणतात, आणि गाणं बाजूला राहून माहेर कुठलं, पारोळ्याचं का साक्रीचं, यावर चांगली पाच मिनिटं जातात. मागे कोंबडा, शेजारी मिक्सर. आणि मग कुणीतरी म्हातारी मधूनच न विचारता सुरू करते आणि बाकीच्या गप होतात. कुठल्या स्टुडिओत मिळणार हे? मला तर त्या भांडणासकट सगळं पाहिजे असतं, कारण कुठलं कडवं कुठल्या गावचं ते त्या भांडणातूनच कळतं. रीमिक्समध्ये तेच गाणं दोन ओळींवर येऊन बसलंय आणि खाली धडधड.

वाचनात सध्या एक जाडजूड प्रकरण चालू आहे, १८८० चं खानदेश गॅझेटिअर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला बारावा खंड, कॅम्पबेल साहेब संपादक. स्कॅन नेटवर फुकट मिळतो. सलग वाचायचं पुस्तक नाही ते, कुठूनही उघडायचं. आउट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ ला भिल्ल पलटण उभी केली आणि तिचं ठाणं धरणगावला होतं, जंगल किती, कापूस किती, आठवड्याचा बाजार कुठे, रेल्वे आल्यावर कुठलं गाव वर आलं आणि कुठलं बसलं, सगळं आहे. जातींवरची पानं वाचताना मात्र डोकं फिरतं, साहेब लोक जनावरांची जात सांगावी तसं माणसांबद्दल लिहितात, अमके आळशी, तमके दारुडे, एका ओळीत अख्खा समाज निकालात. पण एक गोष्ट लक्षात आली आणि मी तिथेच थांबलो. हे गॅझेटिअर छापलं त्याच वर्षी, १८८० ला, आसोद्याला बहिणाबाईंचा जन्म. म्हणजे सरकार ज्या घरांमध्ये नांगर किती, बैल किती मोजत होतं, त्यातल्याच एका घरात ही पोर पाळण्यात होती. तेव्हापासून मी दोन्ही बरोबर वाचतो. त्यात पेरणीचं कोष्टक बघायचं आणि मग बहिणाबाईंची पेरणीची कविता. कोष्टक खोटं नाही, पण पाऊस न आल्यावर बांधावर उभ्या बाईला काय वाटतं याचा रकाना त्यात नाही.

थोडक्यात सांगायचं तर मला सध्या कच्चा माल आवडतोय, चकाचक केलेलं कमी. तुम्ही सांगा आता.

झुमकावाला:
इतलं लांब कोन वाचस भाऊ 😄 वाचलं पण सगळं. एक बोलू का, तुम्ही डीजेवर जरा अन्याय करताय. मी शिरपूरचा, शिकायला पुण्यात. होस्टेलला पहिल्या वर्षी मी अहिराणीत, आपल्या खानदेशी बोलीत, घरी फोन लावला की रूममधले हसायचे, म्हणून जिन्यात जाऊन बोलायचो. मग 'हाई झुमकावाली पोर' आलं आणि गॅदरिंगला कोल्हापूरची, लातूरची पोरं त्यावर नाचत होती, मला विचारत होती या ओळीचा अर्थ काय रे. ओट्यावरच्या शे-दोनशे व्ह्यूजवाल्या व्हिडिओने हे झालं नसतं. आणि संजू राठोड आमच्या जळगाव जिल्ह्यातलाच की, 'गुलाबी साडी' २०२४ मध्ये कुठे कुठे वाजलं ते बघा. ते अहिराणी नाही, मान्य, पण इकडचं पोरगं स्वतः लिहून स्वतः गातं आणि मुंबईची वाट बघत बसत नाही, ही पण गोष्ट आहेच ना.

तापीकाठ:
झुमकावाला भाऊ, मुद्दा पटला, अर्धा. जिन्यात जाऊन बोलणं बंद झालं हे कुठल्याही पुस्तकापेक्षा मोठं काम आहे. माझं म्हणणं एवढंच की त्या गाण्यांत पोरगी, झुमका, बुलेट, हळद याच्यापुढे अहिराणी जातच नाही. भांडण करायला, शेताचा हिशोब करायला, मयतीला बसल्यावर बोलायला जी भाषा लागते ती कुठाय?

हद्दीचा माणूस:
मालेगाव नाशिक जिल्ह्यात येतं. खानदेशच्या धाग्यात पहिलाच नंबर मालेगावचा? उगाच एक शंका.

तापीकाठ:
येणारच होता हा प्रश्न. तुम्ही जो नाशिक जिल्हा म्हणताय तो १८६९ चा, त्याआधी मालेगाव, बागलाण हा सगळा पट्टा खानदेशातच होता. आणि १९०६ ला खानदेशाचेच दोन तुकडे झाले, पूर्व आणि पश्चिम, नंदुरबार तर १९९८ ला वेगळा झाला. जिल्ह्याच्या रेषा साहेब आणि मंत्री आखतात. सटाण्याच्या बाजारात जाऊन कान उघडे ठेवा, मग सांगा खानदेश कुठे संपला.

आसोदेची लेक:
बहिणाबाईंचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं. माझं माहेर आसोदा, त्यामुळे जरा हक्काने बोलते. भाऊ, तुम्ही अहिराणी अहिराणी करताय पण बहिणाबाईंची बोली अहिराणी नाही, आमच्याकडची आहे, लेवा गणबोली म्हणतात तिला. 'आहे'ला तुम्ही 'शे' म्हणता, ते शे-बिशे आमच्यात येत नाही. खानदेश म्हटलं की सगळ्यांना एकाच टोपलीत टाकतात, याचा मला कायम राग येतो.

मी सध्या त्यांच्या गाण्यांच्या सगळ्या चाली शोधून ऐकतेय. १९६१ च्या 'मानिनी'त वसंत पवारांनी केलेल्या, नंतर यशवंत देवांच्या चालीत उत्तरा केळकरांनी गायलेल्या, आणि आता शाळेतल्या मुलींच्या गॅदरिंगच्या. केळकरांचं 'माझी माय सरसोती' मला सगळ्यात जवळचं, घाई नाही त्यात. जुन्या सिनेमातली गोड आहेत, पण ऐकताना वाटतं ही बाई जात्यावर कधी बसलेली नाही. माझी मोठी आई दळताना म्हणायची तेव्हा सूर असा नसायचाच, दम लागायचा तिथे ओळ तुटायची, जातं फिरून आलं की पुढची ओळ. आता जातं नाही म्हटल्यावर ती चाल कशी टिकणार ते मला कळत नाही.

आणि अजून एक. बहिणाबाई गेल्या १९५१ ला, पुस्तक आलं १९५२ ला, अत्र्यांमुळे. सोपानदेवांनी आणि घरच्यांनी उतरवून ठेवलं म्हणून आज आपल्या हातात आहे. त्यांना लिहिता येत नव्हतं. किती गाणी कागदावर आलीच नसतील, शेतातून घरी येईपर्यंत विरून गेली असतील. म्हणून तुमच्या त्या ओट्यावरच्या मोबाईलवाल्या पोरीला माझ्याकडून शंभर लाइक.

भुसावळ जंक्शन:
मी जास्त वाचत नाही, फोटो बघतो. सध्या मेजर रॉबर्ट गिलचे जुने फोटो बघतोय, ब्रिटिश लायब्ररीकडे आहेत, नेटवर दिसतात. हा माणूस १८४४ ला अजिंठ्याला आला, चित्रांच्या नकला काढायला, वर्षानुवर्षं तिथेच. कॅनव्हास रंगवून लंडनला पाठवले आणि १८६६ ला क्रिस्टल पॅलेसला आग लागली त्यात बहुतेक जळून गेले. मग परत कामाला लागला, शिवाय कॅमेरा घेऊन लेण्यांचे फोटो काढले. लोक पारो आणि गिलची प्रेमकथा तेवढी सांगतात, सिनेमा पण आला त्यावर, महानोरांची दीर्घ कविता आहे. पण मला त्याचा हट्ट जास्त भारी वाटतो. आयुष्याची कमाई जळाल्याचं कळल्यावर माणूस परत ब्रश उचलतो म्हणजे काय.

१८७९ ला गेला आणि कबर इथे आमच्या भुसावळला आहे. गावात दहा लोकांना विचारा, नऊ जणांना माहीत नसतं. दहावा रेल्वेवाला असतो.

पांझरा:
धुळ्याकडून एक. मी कामावर जाता-येता विनोबांची गीता प्रवचनं ऐकतो, ऑडिओ सहज मिळतो. देवाधर्माचा माणूस नाही मी, पण ही धुळ्याच्या जेलमध्ये झालीत म्हणून लावली आणि अडकलो. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२, दर रविवारी एक, अठरा अध्याय, अठरा रविवार. समोर कैदी, बोलणारा कैदी आणि लिहून घेणारे साने गुरुजी, तेही कैदीच. टेपरेकॉर्डर कुठला तेव्हा. विनोबा बोलताहेत आणि गुरुजी भराभर लिहिताहेत, आणि आज मी ते देवपूरहून निघून ट्रॅफिकमध्ये ऐकतोय. तापीकाठ भाऊ, तुमचा कच्चा माल म्हणजे हाच ना? बोली वाक्यं आहेत सगळी, विनोबा उदाहरणं देतात ती शेतकऱ्याच्या घरातली.

गुरुजींवरून आठवलं, सुजय डहाकेचा 'श्यामची आई' कुणी पाहिला का? २०२३ चा, ब्लॅक अँड व्हाइट, ओम भूतकर गुरुजी झालाय. अत्र्यांच्या १९५३ च्या सिनेमाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक होतं आणि या नवीनला पण राष्ट्रीय पुरस्कारात मराठीतला सर्वोत्कृष्ट मिळाला. आमच्या घरात यावर दोन तट आहेत, आई जुन्याच्या बाजूने, मी नवीन. आई म्हणते रडू आलं नाही तर श्यामची आई कसली.

आसोदेची लेक:
पांझरा दादा, तुमच्या आईच्या बाजूने एक मत लिहून घ्या.

अमळनेरी:
गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलचे मास्तर होते हे विसरू नका रे, सगळे कोकणातलेच धरतात त्यांना. फेब्रुवारी २०२४ ला आमच्याकडे साहित्य संमेलन झालं, ९७ वं, त्याआधीचं १९५२ ला झालेलं. विद्रोही संमेलन पण त्याच दिवसांत गावातच. मी दोन्हीकडे फिरलो. मोठ्या मांडवातले परिसंवाद आता आठवत पण नाहीत, पुस्तकांच्या गाळ्यांवर मात्र डॉ. रमेश सूर्यवंशींचा अहिराणी शब्दकोश चाळत उभा राहिलो तो उभाच. विद्रोहीत पोरं गात होती, तिथे माईक खराब होता आणि गाणं चांगलं. बाकी काय सांगू.

चाळीसगाव डाऊन:
केकी मूस कुणाला माहीत आहेत का इथे? सध्या माझं सगळं बघणं तिथेच आहे. चाळीसगावला स्टेशनजवळ त्यांचा बंगला, आता कलादालन आहे. १९१२ चा जन्म, १९८९ च्या ३१ डिसेंबरला गेले, आणि मधली जवळजवळ पन्नास वर्षं घराबाहेर पडले नाहीत म्हटलं तरी चालेल. घराला नाव रेम्ब्रां रिट्रीट. बाहेर जायचं नाही आणि फोटो तर काढायचेत, मग त्यांनी टेबलावरच जग मांडलं, टेबलटॉप फोटोग्राफी म्हणतात तिला. फोटोत तुम्हाला बर्फात अंधुक घर दिसतं, रस्ता दिसतो, धुकं, आणि ते सगळं एका टेबलावर मांडलेलं, घरातल्याच वस्तू आणि उजेड कुठून टाकायचा याची जाण. फोटो बघून कळतच नाही. मी एका फोटोसमोर उभा राहून सावली कुठून पडलीय ते शोधत होतो, तिथल्या काकांनी सांगेपर्यंत काही उमगलं नाही.

कुणा मुलीची वाट बघत ते रोज गाडीच्या वेळेला दार उघडं ठेवायचे ही गोष्ट सगळे व्हिडिओवाले चघळतात. व्हिडिओ उघडला की आधी दुःखी बासरी, मग दार. अरे बाबा, फोटो दाखव ना! वीस मिनिटांच्या व्हिडिओत तीन फोटो आणि बाकी सगळं ड्रोनने काढलेलं छप्पर. ज्याला बघायचंय त्याने सरळ येऊन बघावं, गाडीतून उतरलं की पायी जाता येतं.

सातपुडा:
सगळे जळगाव धुळे करत बसलेत, नंदुरबार नेहमीप्रमाणे शेवटी. काठीची राजवाडी होळी बघा, अक्कलकुव्याकडची. रात्रभर ढोल आणि पहाटे होळी पेटते, उंच बांबू उभा केलेला असतो. अंगावर पांढरे ठिपके, कंबरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप घातलेले बावा-बुध्या. व्हिडिओ ढिगाने आहेत पण नव्वद टक्के बघवत नाहीत, वरून ड्रोन आणि खाली 'रहस्यमय आदिवासी परंपरा' असं काहीतरी. काही रहस्य नाही त्यात. नवस असतो, त्याची पाळणूक असते, खाटेवर झोपायचं नाही वगैरे, घरातला माणूस पाळतो ते आम्हाला माहीत असतं.

चांगले व्हिडिओ आमचीच पोरं टाकतात, पावरी बोलीत बोलत, खाली मराठी पण नाही. ते समजले नाहीत तरी बघा, ढोलवाल्याच्या हाताकडे बघा. दोन ढोल समोरासमोर आल्यावर वाजवणं कसं बदलतं ते ड्रोनला कधीच दिसणार नाही.

तापीकाठ:
सातपुडा भाऊ, एकदम बरोबर, शेवटी राहिलात ते आमचंच चुकतं. गॅझेटिअरमध्ये भिल्लांवरची पानं वाचल्यावर मला पण असलंच काहीतरी हवं होतं. ग्रिअर्सन साहेबाने भारतातल्या भाषांच्या पाहणीत खानदेशी, म्हणजे आपली अहिराणी, कुठे ठेवलीय माहितीये का, मराठीच्या खंडात नाही, १९०७ च्या खंडात भिल्ल बोलींबरोबर. प्रत्येक बोलीत बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट सांगून घेतलीय, तशी खानदेशीतली पण आहे. आणि जनगणनेत सुद्धा खानदेशी मराठीपासून वेगळी मोजतात, २०११ ला साधारण १८ लाख ६० हजार लोकांनी ती मातृभाषा लिहिली. ओठांवर ती त्याच्या कितीतरी पट आहे, फॉर्म भरताना लोक मराठी लिहून मोकळे होतात.

हद्दीचा माणूस:
म्हणजे अहिराणी मराठीची बोली नाही असं म्हणायचंय का तुम्हाला? जपून हां, मराठीला आत्ताच २०२४ ला अभिजात दर्जा मिळालाय.

तापीकाठ:
ग्रिअर्सनने कुठे ठेवली ते सांगितलं फक्त. भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा, मी येतो 😄

झुमकावाला:
भाऊ एक कामाचं विचारतो. दिवाळीला घरी जाणार आहे. मन्ही आजी कानबाईनी गाणी म्हनस, म्हणजे आमच्या कानबाई देवीची, रोटच्या सणाच्या वेळची, बरीच पाठ आहेत तिला. कुणीच रेकॉर्ड केलेली नाहीत. मोबाईलवर करू का? नीट येईल का आवाज? माईक विकत घेऊ का?

भुसावळ जंक्शन:
माईकची गरज नाही. पंखा बंद कर, टीव्ही बंद कर, फोन एअरप्लेन मोडवर टाक नाहीतर मधेच कुणाचा तरी कॉल येतो. फोन हातात धरू नको, हात हलतो, डब्यावर ठेव.

आसोदेची लेक:
आणि आजीला एकटीला बसवू नकोस रे, लाजतील, दोन ओळींत संपवतील. शेजारच्या दोघी-तिघी बोलाव, चहा ठेव, त्यांचं त्यांना सुरू होऊ दे. मधेच थांबवून 'आजी परत म्हण' अजिबात म्हणायचं नाही. चुकल्या तर चुकू दे. नंतर आजीला ऐकव, कोण कुठे चुकलं ते तीच सांगेल, ते पण रेकॉर्ड कर.

झुमकावाला:
हो ताई. मग त्याखाली बीट टाकला तर चालेल का 😬

तापीकाठ:
टाक. पण आधी मूळ फाईल इथे.